पळसखुटीची शंभर टक्के बागायत

सर्वेक्षण म्हणजे काय, हे अख्ख्या वाशीम जिल्ह्यात कोणाला कळत असेल तर ते मला! अकरा वर्षं मी 'धुरा संशोधन संस्थे'त हेच करतोय. कुत्रा अंगावर आला तरी हातातला फॉर्म न सोडणारा माणूस आहे मी. रिसोडपासून मालेगावपर्यंत असं गाव नाही जिथल्या ओसरीवर बसून मी "घरात संडास आहे का?" असं विचारलेलं नाही, आणि त्यावर "काहून, जायाचं हाये काय?" असं उत्तर ऐकलेलं नाही.

त्यामुळे आमच्या संचालकांनी, प्रसेनजित सरांनी, मला केबिनमध्ये बोलावून "लखन, या वेळचा सर्व्हे एआयवर करायचा," असं सांगितलं, तेव्हा मी जरासुद्धा दचकलो नाही. एआय म्हणजे नेमकं काय ते मला माहीत नव्हतं, पण दचकलो नाही.

"फोन एआयच करणार, प्रश्न तेच विचारणार, उत्तरं तेच लिहून घेणार, अहवालही तेच लिहिणार," सर म्हणाले.

"मग मी काय करू, सर?"

"सही."

हे काम मला जमण्यासारखं होतं.

रिठदच्या पुढे पळसखुटी नावाचं गाव आहे. चारशे बारा घरं. हे गाव किती गरजू आहे ते आकड्यांनी दाखवायचं. दाखवलं की एक कंपनी गावाला शंभर सोलर पंप देणार. पळसखुटी मी पाहिलेली होती. तिथे गरज शोधावी लागत नाही, ती एसटीतून उतरल्या-उतरल्या आपल्याला घ्यायला येते. म्हणजे काम हातचंच!

"आणि लखन," सर म्हणाले, "एकतीस मार्चच्या आत अहवाल टेबलावर आला, तर एक तारखेपासून तू कायम."

कायम! हा शब्द ऐकला आणि मला समोरचे प्रसेनजित सर दिसेनासे झाले, मालेगावच्या जगदेवरावांचं कृषी केंद्र दिसायला लागलं. जगदेवराव बियाणं आणि खतं विकतात, आणि त्यांची मुलगी वर्षाराणी बी.एड. होऊन घरी आहे. मी तिला रीतसर पाहून आलो होतो. तिनं चहा दिला, मी घेतला, आमचं जमलं. निदान माझं तरी जमलं! सगळं ठरल्यात जमा होतं, इतक्यात जगदेवरावांना कुठून तरी कळलं की माझी नोकरी कंत्राटी आहे, अकरा-अकरा महिन्यांची. त्यांनी निरोप धाडला, "पोट्टा चांगला हाये. पन आधी पक्के व्हा, मंग या. मी बस्ता बांधतो." माझं वय पस्तीस. छत्तीस म्हणा. जाऊ द्या, सदतीस. वर्षाराणी मला मनापासून आवडली होती, आणि या एकतीस मार्चला नोकरी पक्की झाली नाही तर ती हातची जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी कंबर कसली. एआयच्या आवाजाला 'निकिता' असं नाव दिलं. आवाज असा गोड, की वीज रात्रभर येणार नाही असं तिनं सांगितलं तरी माणूस "बरं झालं" म्हणेल! पहिल्या दिवशी चाचणी म्हणून पन्नास फोन लावले. निकिता म्हणाली, "नमस्कार, मी धुरा संशोधन संस्थेच्या वतीने बोलत आहे. हे एक सर्वेक्षण असून..." सत्तेचाळीस जणांनी 'असून'च्या आत फोन ठेवला. दोघांनी तिला विमावाली समजून शिव्या घातल्या. उरलेल्या एका आजोबांनी फोन चालूच ठेवून खिशात टाकला, आणि निकितानं पुढचे चौदा प्रश्न बैलाच्या गळ्यातल्या घंटीला विचारले.

पण अकरा वर्षांचा अनुभव काय उगाच असतो? रोग माझ्या लगेच लक्षात आला. ती 'संस्थेच्या वतीने'वाली दोन वाक्यं! खेड्यातल्या माणसाशी कोणी असं बोलतं का? मी ती दोन्ही वाक्यं उडवली आणि घरगुती सुरुवात घातली, "नमस्कार मावशी, मी निकिता बोलते. तुमच्या घराची थोडी चौकशी करायची होती." पुढचे प्रश्न तेच. घरात माणसं किती, लग्नाचे मुलगे किती, शिक्षण काय, शेती किती, त्यातली बागायत किती, विहिरीला पाणी किती, घरात कोणाला व्यसन, कोणाला आजार. आणि उत्तरं खरी आहेत का ते पाहायला प्रत्येकाला त्याच्या शेजाऱ्याबद्दल पुन्हा हेच प्रश्न. याला आम्ही क्रॉस-चेक म्हणतो.

आणि काय सांगू! चारशे बारापैकी चारशे बारा घरांनी उत्तरं दिली! माझ्या अकरा वर्षांत साठ टक्क्यांच्या वर कधी गेलो नव्हतो. सहा मिनिटांचा फोन, लोक चाळीस-चाळीस मिनिटं बोलत होते. ज्यांचा फोन चुकला त्यांनी उलटे फोन केले. एका माणसाचं नाव यादीत राहून गेलं होतं, तो एसटी करून थेट आमच्या ऑफिसात आला.

"आमाले काहून फोन नाही आला?" तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "आमच्यात काय कमी हाये?"

मला भरून आलं. लोकांमध्ये संशोधनाची एवढी ओढ! मी त्याची माफी मागितली आणि निकिताकडून त्याला लगेच फोन लावून दिला. तो तिच्याशी बोलताना ऑफिसच्या आरशात बघून केस सारखे करत होता, तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं. पण नाही समजलो! आणि रेकॉर्डिंग ऐकायचं म्हणाल, तर ते ऐकायलाच एआय ठेवलं होतं ना?

अठ्ठावीस मार्चला अहवाल आला. मी पहिलं पान उघडलं.

'गावातील कोरडवाहू शेती शून्य. बागायत शंभर टक्के. एकूण शेतजमीन आठ हजार दोनशे एकर. तलाठी दप्तरात ती सतराशे एकर दिसते, तरी दप्तर अद्ययावत करावे. व्यसनी व्यक्ती शून्य. अशा गावात अकरा पानटपऱ्या कशा चालतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. एकाहत्तर टक्के तरुण पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असून रोज सकाळी स्वतः शेतात राबतात. सत्त्याण्णव टक्के सासवा स्वभावाने गरीब आहेत.'

सासवांबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं! लोकांनी आपण होऊन सांगितलं होतं! पुढे होतं, 'एक्याण्णव टक्के कुटुंबांनी मुलींच्या उंचीबद्दल आस्थेने विचारले. पोषण आहार योजना राबवावी. जवळजवळ प्रत्येकाने घरी येऊन सर्व काही डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह केला. इतका पारदर्शक कारभार अन्यत्र आढळत नाही.'

प्रसेनजित सरांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, लावला.

"लखन, हे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे ना?"

"हो सर. रिठदच्या पुढे."

"आणि क्रॉस-चेक?"

"नव्व्याण्णव पूर्णांक सात टक्के जुळला, सर."

सर खुर्चीत ताठ बसले. "शेजारी शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलतो? नव्व्याण्णव टक्के?"

"एका घरातून दोन उत्तरं आली होती. त्यातलं एक कोणाशीच जुळत नव्हतं, म्हणून एआयनं ते चुकीचं समजून काढून टाकलं."

"मग मान्यच करावं लागेल. विज्ञान आहे!" सर म्हणाले. "एवढ्या श्रीमंत गावाला पंप काही मिळायचे नाहीत. पण निष्कर्ष काय जबरदस्त आहे! कर सही."

डोळ्यांपुढे कृषी केंद्र होतं. मी सही केली. सरांनी त्याच दिवशी अहवालाचा सारांश एका साप्ताहिकाला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमच्या स्टँडवर मीच तो वाचला, 'एआयनं शोधलं सोन्याचं गाव!' आणि खाली बारीक अक्षरात, 'सर्वेक्षण आणि खातरजमा' असं लिहून त्यापुढे माझं नाव!

मी पेपराची घडी घालतोय तोच फोन वाजला. पलीकडे एक खणखणीत बाई.

"कोन बोलून राह्यलं? मी पळसखुटीहून रंगूबाई. निकिताले फोन द्या."

"निकिताला? ती... ती नाही बोलू शकत आत्ता."

"तुमी तिचे कोन?"

"मी लखन. तिचं सगळं मीच पाहतो."

"म्हंजे भाऊ होय! बरं झालं बाप्पा. मंग लखनभाऊ, आमच्या मुन्नाले पाह्याले कवा येता? नाई, पोट्टीले सारं पसंत हाये हे तिच्या बोलन्यावरून समजलं मले. इतकी चौकशी कोनी उगाच करत नाही!"

माझ्या पायाखालचं स्टँड सरकलं. माणसं किती, शेती किती, व्यसन आहे का, आजार आहे का... अरे देवा! आपल्याकडे हे प्रश्न कधी विचारतात? आणि कोण विचारतं? पळसखुटीत लग्नाला आलेले पन्नास-साठ मुलगे घोड्यावर बसायला तयार आहेत, आणि गेल्या चार वर्षांत त्या गावाला चौकशीचा एकही फोन नव्हता. त्या गावाला मी एका गोड आवाजाच्या पोरीकडून चारशे बारा फोन लावले होते!

तसाच ऑफिसात जाऊन मी रेकॉर्डिंगं लावली. पहिलंच कोणा कस्तुराबाईचं. "चाळीस एकर माय, सारी बागायत. सून आली का तिले शेताचं तोंड पाहाचं काम नाही." हिला दीड एकर होती, मी स्वतः तिचा फॉर्म भरलेला! मग शेजारणीचा फोन. मला वाटलं, ही तरी खरं बोलेल. तर ती म्हणते, "कस्तुराबाईचं घर म्हंजे सोनं. चाळीस नाई, पंचेचाळीस असन." कशी खरं बोलणार? शेजाऱ्याच्या सोयरिकीत भांजी मारली तर उद्या आपल्या पोराच्या सोयरिकीत तो मारेल! माझा क्रॉस-चेक या एका धास्तीवर नव्व्याण्णव टक्के जुळला होता. एकच उत्तर खरं होतं, एआयनं काढून टाकलेलं. रंगूबाईच्या मुन्नाचं. "पाच एकर हाये, कोरडवाहू. हिरीले पानी नाही. तंबाखू खातो. सोडतो म्हंतो, सुटत नाही. माय जरा तिखट हाये."

मी रंगूबाईंना 'येतोय' एवढंच कळवलं आणि मोटारसायकल काढली. अजून दोन दिवस होते. खरी उत्तरं घ्यायची, अहवाल दुरुस्त करायचा, गावाला पंप, मला नोकरी! सगळं व्यवस्थित होणार होतं.

पळसखुटीच्या वेशीवरच मला उतरवून घेतलं. सतरंज्या अंथरल्या होत्या. मुलीचा भाऊ आला म्हणून कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला, कोणी टोपी घातली, कोणी नारळ हातात दिला. चारी बाजूंनी इस्त्रीचे शर्ट घातलेले मुलगे एका बाजूचा चेहरा दाखवत उभे होते.

मी सतरंजीवर उभा राहिलो आणि ओरडलो, "अहो ऐका! निकिता नावाची कोणी मुलगी नाही!"



"म्हंजे लगन झालं तिचं?" मागून कोणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"नाही हो! ती मशीन आहे! तिला आई नाही, बाप नाही, घर नाही, गाव नाही..."

रंगूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे अनाथ हाये बापा लेकरू! चालते आमाले. हुंडा-बिंडा काही नको."

शेवटी मी मोबाइलवर निकिताला लावलं आणि सगळ्यांच्या देखत तेच ते वाक्य नऊ वेळा बोलायला लावलं. सातव्या वेळेला लोकांना पटायला लागलं. नवव्या वेळेला इस्त्रीचे शर्ट एकेक करून खाली बसले. त्या पोरांचे चेहरे बघून मला खरंच वाईट वाटलं. चार वर्षांनी आलेला फोन, तोही यंत्राचा!

"झालं ते झालं," मी म्हणालो. "आता मी फॉर्म आणलेत. खरं खरं सांगा. एकदा अहवाल दुरुस्त झाला की गावाला शंभर पंप मिळतील."

"माय, सांगून देऊ खरं," मुन्ना हळूच म्हणाला.

रंगूबाईंनी सुस्कारा सोडला. "लिवा मंग. पाच एकर..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "कोन? हाव, मुन्नाचीच माय. पेपरात? ... हाव हाव, गाव तेच." त्यांचा आवाज एकदम साखरेत पडला. "शेती ना? वीस एकर! सारी बागायत!"

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. "पोरीचा बाप होता. खराखुरा. पेपर वाचून फोन केला त्यानं!" आणि त्याच क्षणी कस्तुराबाईंचा फोन वाजला. मग पलीकडच्या ओसरीवर एक. मग पारावर दोन.

मी पेन उघडून बसलो होतो. "रंगूबाई, पाच एकर ना?"

"वीस!"

"अहो, आत्ता तुम्ही पाच म्हणालात! कुठंय ती वीस एकर?"

"पाह्याले येईन त्याले दाखवू ना! तुमाले काहून दाखवू?"

"पंप जातील गावाचे!"

"पंप अर्ज केला का कवाबी येते, लखनभाऊ. सून कोनत्या अर्जानं येते सांगा?"

यावर माझ्याकडे फॉर्म नव्हता. मी दोन दिवस घरोघर फिरलो. चारशे बारा घरांनी दुसऱ्यांदा बागायतच सांगितली, आणि या वेळी तर आठ हजार दोनशेची नऊ हजार एकर झाली! निघताना एका म्हाताऱ्यानं माझ्या मोटारसायकलचं हँडल धरलं. "लखनभाऊ, पंधरा-वीस पोट्ट्यांचं जमून राह्यलं. भांजी मारू नका." स्वागताचा नारळ पिशवीत खडखडत होता आणि मी वाशीमपर्यंत एका शब्दानं बोललो नाही. तसं बोलायला बरोबर कोणी नव्हतंच.

आता खरं सांगतो. सरांकडे जाऊन सगळं कबूल करायचं, असं मी वाटेत तीनदा ठरवलं. पण कबूल केलं की अहवाल रद्द, अहवाल रद्द की कायम होणं रद्द, आणि ते रद्द की वर्षाराणी! मी सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि "सर, पंखा जरा हळू करू का?" एवढंच विचारून परत आलो.

एक तारखेला पत्र हातात पडलं. कायम! मी किलोभर पेढे घेतले आणि तडक मालेगाव गाठलं. जगदेवराव दुकानातच होते. मी पेढ्यांचा पुडा पुढे करणार, तोच त्यांनीच एक पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"या या लखनभाऊ! तुमचीच आठवन काढून राह्यलो होतो. वर्षाचं जमलं!"

"हो, मी तेच सांगायला..." मी पेढ्यातून म्हणालो.

"पळसखुटीचा पोट्टा हाये. मुन्ना. वीस एकर बागायत, निर्व्यसनी, सासू गरीब सोभावाची! आन हे काही कोन्या मध्यस्थाचं ऐकून नाही बरं. तुमच्या सहीचा अहवाल हाये! पेपर वाचल्या वाचल्या फोन केला म्या." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "म्या आधी नोकरीवाला पाहीन म्हनलं होतं, पन एवढी बागायत कोन सोडते? बरं, तुमी सवता गेलते ना त्या गावात? खरं हाये ना सारं?"

आता तुम्हीच सांगा! खोटं आहे म्हणालो, तर सोयरीक मोडते, पण माझा अहवाल मोडतो, नोकरी जाते, आणि बिननोकरीच्या मला हे पोरगी देत नाहीत. खरं आहे म्हणालो, तर नोकरी राहते आणि पोरगी जाते. अकरा वर्षं लोकांना हो किंवा नाही विचारत आलो, आणि मला एक उत्तर देता येईना. मी दुसरा पेढा तोंडात टाकला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, जगदेवराव पोती मोजायला मागे गेले, आणि वर्षाराणी चहा घेऊन आली. मी सगळा धीर गोळा केला.

"वर्षाराणी, तो अहवाल... त्यात सगळंच काही..."

"खोटं हाये. माहीत हाये मले," ती शांतपणे म्हणाली. "पाह्याले आले तवा मुन्नानंच सांगतलं. पाच एकर, कोरडवाहू. माय तिखट. बाबाले सांगू नका, मी सांगीन सवडीनं."

"आणि तरीही?"

"मंग काय! एवढ्या गावात एक खरं बोलनारा भेटला, त्याले सोडू काय? शाळेत लागन मी, अन् शेती बी पाहू दोघं."

"पण मी कायम झालोय!" मी खिशातून पत्र काढलं. "हे बघा! आजच!"

तिनं पत्र नीट वाचलं, घडी केली आणि परत दिलं.

"झाले ते चांगलंच झालं. पन पयल्या दिवशी चहा पेता पेता तुमी बाबाले सांगतलं होतं, नोकरी कायम हाये म्हनून. अन् शेती बारा एकर. बागायत."

हं. ही गोष्ट मी सुरुवातीला तुम्हालाही सांगितली नव्हती. पण तुम्ही तरी कुठे क्रॉस-चेक करणार होतात!